माई रुवाचा उजवा गुडघा

"हात दाखवा."

"हातच आहे, सिस्टर. त्यात काय बघायचंय?"

"मग पाठीमागे का लपवलाय?"

माई रुवा हसली आणि हात आणखी मागे नेला. मंगळवार होता, लसीकरणाचा दिवस. व्हरांड्यात बावीस बायका मुलं मांडीवर घेऊन ताटकळत होत्या आणि मी आत एका मदतनीस बाईशी हुज्जत घालत होते. मघाशी एक बाळ तिच्या हातातून निसटता निसटता राहिलं होतं. चौदा वर्षं ही बाई या दवाखान्यात मुलं धरते आहे. मी येऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्या पकडीतून मूल सुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी तिने उजवा हात टेबलावर ठेवला. मनगट सुजलं होतं, हाताला गरम लागत होतं, आणि बोटं मिटायला सांगितली तर अर्ध्यावर थांबत होती. हाताच्या पाठीवर तीन पुटकुळ्या होत्या. टोकाला पिवळट पू, भोवती काळसर तांबडं वर्तुळ. सादझा ढवळताना अंगावर उडाला, असं ती म्हणाली. मक्याचं घट्ट पीठ रटरटायला लागलं की ते उडतंच, आमच्यातल्या प्रत्येक बाईच्या हातावर तसले डाग असतात. पण चौथी पुटकुळी घोट्याजवळ होती. पायावर सादझा कुणी ढवळत नाही.

तिचं खरं नाव नेत्साई. मोठी मुलगी रुवा, म्हणून सगळा चिरोवा गाव तिला माई रुवा म्हणतो. सहाला दवाखान्याचं फाटक उघडायचं, झाडायचं, पाणी उकळायचं, मुलांची वजनं करायची, आणि बाकावर बसलेल्यांत आधी कोण आत जाणार ते ठरवायचं, ही तिची कामं. औषधं माझ्या ताब्यात, पण दवाखाना तिच्या ताब्यात होता असं म्हटलं तरी चालेल. आडदांड माणसंही तिच्यापुढे रांगेत उभी राहायची. नवरा जोहान्सबर्गला बांधकामावर. वर्षातून दोनदा घरी यायचा, ईस्टरला आणि ऑगस्टच्या सुट्टीत.

ताप मोजला तर साडेअडतीस. त्याच वेळी मला शिकताना पाहिलेलं एक चित्र आठवलं. एक हात, त्यावर अशाच मोजक्या पुटकुळ्या. शेवटचं मूल टोचून झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि विचारलं, रुवाचे बाबा परत जाऊन किती दिवस झाले?

एकोणीस, ती म्हणाली. मग मी पुढचे प्रश्न विचारले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"तुम्हाला नवरा नाही ना सिस्टर, म्हणून असलं विचारायला जमतं."

पण उत्तर तिने दिलं. थोडं पांढरं जात होतं, दोन आठवड्यांपासून. बायकांचं असतंच असं, म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. मी तिला सरळ सांगितलं. हा परमा आहे, नवरा-बायकोच्या संगातून लागणारा रोग. बायकांमध्ये तो कधीकधी खाली फारसा त्रास देत नाही, गुपचूप रक्तात उतरतो आणि सांध्यांत जाऊन बसतो, कातडीवर अशा पुटकुळ्या उठवतो. औषध आहे, आणि ते आपल्या कपाटात आहे. रोज एक इंजेक्शन, किमान सात दिवस, बरोबर गोळ्या. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागेल, नाहीतर ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. नवऱ्यासाठी द्यायची चिठ्ठी मी लिहून दिली. ती तिने घडी करून डोक्याच्या फडक्यात खोचली.

"गोळ्या द्या," ती म्हणाली. "सुई नको."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. हीच बाई आयांना सांगायची, डोळा मिटायच्या आत होतं, घाबरता काय. हिच्या धाकाने धटिंगण शाळकरी पोरं दंड पुढे करायची. मी समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. ती नाहीच म्हणाली. का, ते सांगेना. दोन दिवस गोळ्या घेते, मग बघू, एवढंच.

आणि मी ऐकलं. जे झालं त्याचा दोष मी नंतर पुष्कळ जणांवर टाकून पाहिला, पण पहिली चूक माझी. या गोळ्या एकट्या पुरत नाहीत हे मला माहीत होतं. तरी माझी रोजची सोबतीण, तिच्याशी वाईटपणा नको, म्हणून मी गोळ्यांची पुडी बांधून दिली.

नशीब असं वाईट की गोळ्या लागू पडल्यासारखं दिसलं. तिसऱ्या दिवशी मनगटाची सूज ओसरली. पुटकुळ्या सुकून खपली धरली. तिने माझ्यासमोर बोटं मिटून दाखवली आणि म्हणाली, बघा, उगाच माझ्या मागे लागला होतात. मी पण हुश्श केलं. हा आजार एका सांध्यातून उठून दुसऱ्यात जातो, जाताना पहिल्याला सोडून देतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवलं नाही, तर ते वाचून काय उपयोग? त्या दोन दिवसांत आम्ही दोघी हसतखेळत काम केलं, आणि त्याच दोन दिवसांत तिच्या गुडघ्यात पू भरत होता.

रविवारी ती चर्चमध्ये दिसली नाही. सोमवारी कामावर आली नाही. चौदा वर्षांत तिने न सांगता खाडा केला नव्हता. दुपारी दवाखाना बंद करून मी तिच्या घरी गेले.

अंगणात मक्याची कणसं वाळत पडली होती आणि तिची नणंद ओटिलिया ती सोलत बसली होती. ओटिलिया म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या नणंदेचा शब्द घरात भावाच्या शब्दापेक्षा वरचा. मला बघून ती उठली नाही. वहिनी आत आहे, पण भेटून काही उपयोग नाही, हे तुमच्या औषधाचं दुखणं नाही, असं तिने कणसावरची नजर न काढता सांगितलं.

नेत्साई चटईवर पडली होती. उजवा गुडघा दुधीभोपळ्याएवढा झालेला. त्यावर ब्लेडने घेतलेल्या बारीक चिरांच्या दोन रांगा, चिरांत काळी पूड चोळलेली. मांत्रिक सकाळीच येऊन गेला होता. मी गुडघ्याला नुसतं बोट लावलं तर तिने दातांत फडकं धरलं. ताप मोजायची गरज नव्हती, अंगाची धग दारातूनच कळत होती.

"चित्सिंगा आहे," ओटिलिया माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "वाटेत पुरून ठेवलेलं हिने ओलांडलं. कुणी पुरलं तेही कळलंय."

चित्सिंगा म्हणजे करणीची सूज. कुणी वाटेत काही पुरून ठेवतं, त्यावर पाय पडतो, आणि हात किंवा पाय धरतो, फुगतो. हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठाऊक असते. असल्या अंगात सुई गेली की माणूस दगावतो. लोक सांगतात तेवढ्यावर मी ते सोडून दिलं असतं, पण ओटिलियाने नेत्साईकडे हात केला.

"हिलाच विचारा. हिच्या बापाचा पाय असाच सुजला होता. दवाखान्यात नेला, बाईने सुई टोचली, आणि सूर्य मावळायच्या आत बाप गेला. ही अकरा वर्षांची होती, बापाचं डोकं हिच्या मांडीवर होतं. आता तुम्ही हिला टोचायला निघालाय?"

मी नेत्साईकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. नऊ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या बापाचं तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज मी करू शकते. फार उशिरा आणलेला असेल, पू रक्तात गेलेला असेल, किंवा औषधच सोसलं नसेल. पण मांडीवर बाप गेलेल्या मुलीला तो अंदाज सांगून काय मिळणार?

खरी अडचण वेगळीच होती. ओटिलियाला गप्प करायला माझ्याकडे एकच वाक्य होतं, की ही करणी नाही, तुझ्या भावाने ईस्टरला घरी आणलेला परमा आहे. ते वाक्य माझं नव्हतं. नेत्साईने डोळे उघडले आणि मान अगदी थोडी हलवली. तिचा हिशेब मला तिथेच कळला. करणी म्हटली की दोष बाहेरच्याचा, घर शाबूत. परमा म्हटला की पहिला प्रश्न तिलाच, नवरा तिकडे असताना तू इकडे कुणाबरोबर होतीस? उत्तर काहीही दिलं तरी तिला माहेरी धाडलं असतं आणि मुलं इथेच राहिली असती.

म्हणून मी जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. गुडघ्यात पू आहे, तो कूर्चा खातो आहे, दिवस हातात फार थोडे आहेत. उशीर झाला तर गुडघा वाकणार नाही. वडीलधाऱ्यांपुढे, सासरच्या माणसांपुढे हिला गुडघे टेकता येणार नाहीत. आमच्यात नवऱ्याला पाणी द्यायचं ते गुडघे टेकून, पाहुण्याला नमस्कार करायचा तो गुडघे टेकून. जिला ते जमत नाही तिला बाई म्हणून फारसं कुणी मोजत नाही.

"मेल्यावर कुठे टेकायचेत गुडघे?" ओटिलिया म्हणाली आणि मला दार दाखवलं.

बाहेर पडताना मी तिला विचारलं, पुरलं कुणी असं म्हणता? तिने कुंपणापलीकडे बोट केलं. पलीकडे एस्नात आजीची झोपडी होती. सत्तरीची विधवा, मुलगा नाही, दोन शेळ्या. गेल्या हिवाळ्यात त्या शेळ्यांनी नेत्साईची भाजी खाल्ली आणि दोघींची थोडी बाचाबाची झाली होती. दोन दिवसांनी दोघी एकाच चुलीवर शेंगा भाजत बसल्या होत्या. पण मांत्रिकाला तेवढं निमित्त पुरेसं झालं. बुधवारी गावप्रमुखाकडे बैठक बोलावली होती. आरोप सिद्ध झाला की म्हातारीला गाव सोडावं लागलं असतं. तिने कुठे जायचं याचा विचार कुणी केला नव्हता.

मंगळवार मी कसा काढला ते सांगत नाही. मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेली होती, शुक्रवारच्या आत नाही म्हणाले. कपाटात इंजेक्शनच्या बारा छोट्या कुप्या होत्या. रोजच्या चार धरल्या तर तीन दिवसांचं औषध. मी त्या कपाटाच्या पुढच्या फळीवर काढून ठेवल्या, दिवसभर कपाट उघडून बघत राहिले.

बुधवारी दहाच्या सुमाराला रस्त्यावर माणसं दिसली. पुढे ओटिलिया, हातगाडी ढकलत. वाळू वाहायची एकचाकी गाडी, तीत उशी घातलेली, आणि उशीवर नेत्साई, उजवा पाय सरळ पुढे ठेवलेला. मागे गावप्रमुख सायकल हातात धरून, त्यामागे पंधरावीस बायकापुरुष, आणि सगळ्यांच्या बरंच मागे एस्नात आजी, एकटी. खड्ड्यातून चाक गेलं की नेत्साईचं तोंड वाकडं व्हायचं, पण ती ओरडत नव्हती.

जवळ आल्यावर मी तिचे कपडे पाहिले. चर्चच्या महिला मंडळाचा लाल ब्लाऊज, काळा स्कर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, सगळं इस्त्री केलेलं. तो पोशाख बायका दोनदाच इतक्या नीट घालतात, सणाच्या प्रार्थनेला आणि शवपेटीत.

गावप्रमुख साधा माणूस आहे. त्याने टोपी काढली आणि काय घडलं ते सांगितलं. बैठक सुरू झाली, म्हातारीला उभं केलं, मांत्रिकाचा निरोप वाचून झाला, आणि मग ही बाई बोलली. म्हणाली, मला आधी दवाखान्यात न्या. सगळ्यांसमोर सुई घेते. करणी असेल तर बापासारखी आजच मरेन. सूर्य मावळेपर्यंत जगले, तर करणी नव्हती, आणि एस्नात आजीला कुणी हात लावायचा नाही.

"आम्हाला पटलं," तो म्हणाला. "कुणाचं नुकसान नाही यात."

मी म्हटलं, मी आजारासाठी इंजेक्शन देते, निवाड्यासाठी नाही. हे देऊळ नाही आणि कोर्टही नाही. सगळ्यांनी घरी जावं, मी तिला आत घेऊन तपासते.

"द्या, सिस्टर," नेत्साई गाडीतून म्हणाली. "कशासाठी द्यायचं ते तुम्ही ठरवा. कशासाठी घ्यायचं ते मी ठरवलंय."

तिला आत आणून पलंगावर घेतलं. हातापायांवर पुटकुळ्यांचे काळे डाग उरले होते. मी चार कुप्यांतली पूड बधिर करायच्या औषधात कालवली. हे औषध चुकून कुणाला सोसत नाही, असं हजारांत एखाद्याच्या नशिबी येतं. ते एखादं आज इथे निघालं तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. त्यासाठीचं दुसरं इंजेक्शन मी भरून बाजूला ठेवलं. औषध सुईत भरून झालं तरी मी रिकाम्या कुपीवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत होते. तिने ते पाहिलं.

"भिऊ नका," ती मला म्हणाली. "रुवाला सगळं सांगून आलेय."

तिला खरोखर वाटत होतं की ती मरणार आहे. हे मला तेव्हा कळलं, आणि आजही ते आठवलं की मी काम करता करता थांबते. शिकलेली माणसं म्हणतील, अंधश्रद्धा. म्हणोत. औषधावर विश्वास ठेवून सुई घेणारे मी रोज बघते. मरण येणार असं मानून, दुसऱ्या बाईचं घर राहावं म्हणून सुई घेणारी मी एकच पाहिली.

मी औषध दिलं. ती पलंगाची कड धरून पडून राहिली.

मग सगळे थांबले. कुणी घरी गेलं नाही. बायका व्हरांड्यात, पुरुष झाडाखाली. ओटिलिया दाराच्या चौकटीला टेकून, आत न बघता. एस्नात आजी भिंतीपाशी पाय लांब करून बसली होती आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी दर पंधरा मिनिटांनी नाडी बघत होते. दुपारी कुणीतरी पातळ पेज करून आणली. नेत्साईने दोन घोट घेतले आणि बाकीची आजीला द्या म्हणाली.

तीनच्या सुमाराला मी नाडी बघायला वाकले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात बोलली.

"सुजलेले पाय मी तुमच्यापर्यंत येऊच दिले नाहीत, सिस्टर. बाकावर दिसले की सांगायची, आधी तिकडे, मांत्रिकाकडे जाऊन या. सुईने मरतील म्हणून. किती जणांना परत पाठवलं ते आठवतं. नावं आठवतात."

नऊ वर्षांत माझ्याकडे सुजलेला सांधा घेऊन जेमतेम तिघं आले होते. आपला भाग त्या बाबतीत सुदैवी आहे, अशी माझी समजूत होती. वरच्या साहेबांना मी तसं लिहूनही कळवलं होतं.

ऊन उतरलं. डोंगराच्या कडेला सूर्य टेकला तशा सगळ्या बायका उठून खिडकीपाशी आल्या. नेत्साई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. सूर्य गेला. थोडा उजेड राहिला. गावप्रमुख खिडकीतून आत वाकला आणि त्याने विचारलं, "माई रुवा, आहात ना?"

"आहे," ती म्हणाली.

तो एस्नात आजीपुढे गेला, दोन्ही तळहात जुळवून टाळी वाजवल्यासारखं केलं, आमच्याकडे माफी मागतात तसं, आणि सायकल घेऊन निघून गेला. माणसं पांगली. ओटिलिया मात्र आत आली. दिवसभर आवरून ठेवलेला प्रश्न तिने मला विचारला. करणी नाही, तर मग हे काय आहे?

मी कपाटाला कुलूप लावत होते.

"वन्सं," नेत्साई पलंगावरून म्हणाली, "तुमच्या भावाला विचारा."

ओटिलिया बाहेर गेली आणि हातगाडी घेऊन घरी निघाली. रिकाम्या गाडीचं चाक लांबपर्यंत ऐकू येत होतं.

पुढचे दोन दिवस नेत्साई दवाखान्यातच राहिली. दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं. ताप उतरला, पुटकुळ्यांचे डाग फिके पडले. जेवण एस्नात आजी आणायची. शुक्रवारी रुग्णवाहिका आली. मोठ्या हॉस्पिटलात सुई घालून गुडघ्यातला पू काढला, तीनदा काढावा लागला, आणि आणखी अकरा दिवस इंजेक्शनं दिली. जीव वाचला, रक्त स्वच्छ झालं, मनगट पूर्ववत झालं. गुडघा गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी सुरू केलं असतं तर वाचला असता. मी मनात मोजलं. आठ दिवस वाया गेले होते. दोन दिवस ओटिलियाचे आणि मांत्रिकाचे, बाकीचे माझे.

जूनच्या शेवटी ती कामावर आली. उजवा पाय काठीसारखा सरळ, चालताना तो बाजूने फिरवून पुढे टाकायची. जमिनीवर बसता येईना, म्हणून मी तिला उंच स्टूल दिलं. सुजलेला सांधा दिसला की आता ती त्या माणसाला रांगेतून उठवून सरळ माझ्यापुढे आणून उभं करते. काही जण सुईच्या भीतीने पळायला बघतात. तेव्हा ती काही बोलत नाही, फक्त स्कर्ट थोडा वर घेऊन आपला गुडघा दाखवते.

ऑगस्टमध्ये रुवाचे बाबा आले. दुसऱ्याच दिवशी, नेत्साई पाणी आणायला गेल्याचं बघून, तो दवाखान्यात आला. चांगला शर्ट, नवे बूट, नजर खाली. ती चिठ्ठी त्याच्या हातात होती. तीन महिने तिने फडक्यात जपून ठेवली होती, आणि तो आल्यावर काही न बोलता त्याच्यापुढे ठेवली होती. मी म्हटलं, बसा, औषध देते.

"मी घेतलंय," तो म्हणाला. "तिकडेच. एप्रिलमध्ये, गेल्या गेल्या. एकच सुई लागली."

मी विचारलं, मग घरी कळवलं का नाही? फोन होता ना?

तो बुटांकडे बघत राहिला. फोनवर असलं कसं सांगायचं, असं काहीसं पुटपुटला. मला त्या माणसाचा इतका संताप आला की मी नोंदवही उघडून उगाच पानं उलटत राहिले. एक फोन. एप्रिलमध्ये तिचं मनगटही सुजलं नव्हतं.

रविवारी त्यांच्याकडे मला जेवायला बोलावलं. जावंसं वाटत नव्हतं, पण नेत्साईने बोलावलं होतं. स्वयंपाकाच्या गोल झोपडीत तो भिंतीलगतच्या ठेंगण्या ओट्यावर बसला होता, ओटिलिया आणि मी समोर चटईवर. कोंबडी शिजली होती, सादझा वाढून झाकून ठेवला होता. आता हात धुवायचे. घरची बाई भांडं आणि तांब्या घेऊन येते, नवऱ्यापुढे गुडघे टेकते, आणि तो खाली हात धरतो. मला आठवतंय तेव्हापासून हे असंच आहे.

नेत्साई पाणी घेऊन आली, पाय फिरवत, सावकाश, आणि त्याच्यापुढे उभी राहिली. ओटिलिया अर्धवट उठली आणि म्हणाली, द्या इकडे वहिनी, मी देते.

"राहू द्या, वन्सं," नेत्साई म्हणाली.

ती ताठ उभी होती. एका हातात कमरेपाशी धरलेलं भांडं, दुसऱ्या हातात तांब्या. तो ठेंगण्या ओट्यावर बसलेला. वाट बघून शेवटी त्यानेच दोन्ही हात वर केले, तोंडासमोर, तिच्या हातांच्या उंचीपर्यंत. तिने पाणी ओतलं. दोन्ही हात नीट धुऊन होईपर्यंत ती ओतत राहिली, आणि तो तसेच हात वर धरून बसला होता.